मालवणच्या पाण्यात मुशी दिसेल का?

परभणीहून समुद्र किती लांब आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून एकदा मोजा. सरळ रेषेत जवळचा किनारा सुमारे चारशे किलोमीटर भरतो, आणि मालवणला रस्त्याने जायचे तर सहाशेच्या आसपास. तरीही अलीकडे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मालवण-तारकर्लीला जातात. तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून, वाटाड्याचा हात धरून पाण्याखाली उतरता येते. परत आलेल्या मुलांना वर्गात हमखास एक प्रश्न विचारला जातो : "शार्क दिसला का?" बहुतेकांचे उत्तर "नाही" असे असते, आणि ते देताना चेहरा थोडा पडलेला असतो.

हे "नाही" का येते, याचा विचार केला तर भौतिकशास्त्राचे निम्मे पुस्तक त्यात सापडते. तेव्हा जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी आणि न जाणाऱ्यांनी घरबसल्या, हा विचार करून पाहू या.

आधी नावे. शार्कला आपल्या कोकणात मुशी किंवा मोरी म्हणतात. तिचा चपटा नातेवाईक म्हणजे पाकट. पुस्तकांत त्याला 'रे' मासा म्हणतात. हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीला कानमुशी असे सुरेख नाव आहे. इंग्रजी नावे पाठ असलेल्या मुलांना ही नावे ठाऊक नसतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

मुशी परभणीला कधी आलीच नाही असे मात्र समजू नका. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले, त्यांना विचारा. फॉर्मॅलिनच्या बरणीतला हातभर लांबीचा, चपट्या नाकाचा 'स्कोलिओडॉन' त्यांनी कापलेला असतो. तो मुशीच असून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत जास्त सापडणाऱ्या मुश्यांपैकी आहे. पूर्ण वाढला तरी तो पाऊण मीटरच्या आतच राहतो. २०११ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांप्रमाणे ही विच्छेदने टप्प्याटप्प्याने बंद झाली. पण कित्येक महाविद्यालयांत जुन्या बरण्या अजून आहेत. आपल्या शिक्षकांना विचारून एकदा पाहून या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दिसतील. अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर काचकागदासारखा खरखरीतपणा लागतो, कारण तिचे खवले म्हणजे दातांच्याच घडणीचे बारीक काटे असतात. आत हाडे नाहीत. आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचीक कूर्चा आहे. हीच मुशी पोळीसारखी लाटली, कल्ल्यांच्या फटी पोटाकडे गेल्या आणि छातीचे पर पसरून डोक्याला चिकटले, की झाले पाकट!

आता पाण्यात उतरू.

मराठवाड्यातल्या ज्या मुलांनी विहिरीत सूर मारला आहे त्यांना हा धडा आधीच मिळालेला असतो. दोन पुरुष खोल गेले की कान दुखू लागतात. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे तीन मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०० ग्रॅम वजनाइतका जादा दाब आला. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस सेंटीमीटर आहे. गुणाकार करा : १८० ग्रॅम. एवढ्याशा पातळ पडद्यावर पाव किलोला थोडे कमी असे ओझे! नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की घशातून कानाच्या आतल्या बाजूस हवा जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. वाटाडे ही युक्ती शिकवतात. सर्दी झालेली असेल तर मात्र ती चालत नाही आणि त्या दिवशी उतरू नये.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. टाकीतून मिळणारी हवा त्या खोलीच्या दाबाचीच असते. कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये जे उपकरण बनवले त्याचे मर्म हेच होते. दहा मीटरवर, म्हणजे एकूण दोन वातावरणे दाबाखाली, छाती भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात तर बॉईलच्या नियमाप्रमाणे ती हवा दुप्पट जागा मागेल. फुप्फुसे तेवढी ताणत नाहीत. म्हणून टाकी लावून पोहताना श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीतल्या सुराची सवय येथे उलटी पडते. सूर मारणाऱ्याने छातीत घेतलेली हवा वरची असते, ती वर आल्यावर मूळ आकारालाच येते. टाकीवाल्याचे तसे नाही. मुशीपेक्षा या नियमाची भीती बाळगलेली बरी.

बरे, उतरलो. आता दिसते काय?

पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक सोपी रीत आहे. १८६५ साली इटलीतले खगोलशास्त्रज्ञ फादर आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडल्या. तबकडी दिसेनाशी झाली की ती खोली टिपून घ्यायची. आजही जगभर ही 'सेक्की तबकडी' वापरतात. तुम्ही घरातली जुनी पांढरी ताटली, दोरी आणि एक दगड घेऊन हा प्रयोग करू शकता. मोठी माणसे बरोबर असतील तरच गंगाखेडला गोदावरीत किंवा येलदरी धरणाच्या पाण्यात करा. श्रावणात आपल्या काळ्या मातीच्या पाण्यात ताटली वीतभरातच गडप होईल. जानेवारीत तीच बरीच खाली जाईल. दर महिन्याचे आकडे लिहून आलेख काढला तर विज्ञान प्रदर्शनात ठेवण्याजोगा होईल.

मालवणला हिवाळ्यातल्या चांगल्या दिवशी पाच-आठ मीटरपर्यंतचे दिसते, एरवी दोन-तीनच. कॅरिबियन समुद्रात बेटांच्या आसपास पंचवीस-तीस मीटरपर्यंतचे सहज दिसते. हौशी पाणबुडे मुशी आणि पाकट पाहायला तेथे हजारो मैलांवरून सुटी काढून जातात, त्याचे हे एक मोठे कारण. हिशेब असा. समजा दोन्हीकडे तळाच्या वाळूवर पाकट सारख्याच दाटीने बसले आहेत. पाच मीटर दिसणाऱ्या पाणबुड्याला आपल्याभोवती पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ दिसते, पंचवीस मीटर दिसणाऱ्याला पंचवीस मीटर त्रिज्येचे. त्रिज्या पाचपट, तर क्षेत्रफळ पंचवीसपट. म्हणजे कॅरिबियनमध्ये एका नजरेत पंचवीस पाकट दिसतील, तेव्हा मालवणात एक दिसेल. "मालवणात काही नाही हो" असे म्हणणाऱ्याने हा भागाकार आधी करावा. न दिसणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक गंमत आहे. गढूळ पाणी म्हणजे वाईट पाणी असे आपण धरून चालतो. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात नद्यांचा गाळ तर असतोच, शिवाय पावसाळी वाऱ्यांमुळे खालचे क्षारयुक्त पाणी वर येते आणि त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात. त्या खायला सूक्ष्म प्राणी, ते खायला बांगडा-तारली, आणि त्यांच्यामागे मुशी. कॅरिबियनचे निळेशार पाणी स्वच्छ दिसते ते पुष्कळसे त्यात अन्न कमी म्हणून. आपले हिरवट पाणी हे पिकाचे शेत आहे, ते निळे पाणी नितळ माळरान. पाहण्यासाठी माळरान बरे, पोटासाठी शेत.

रंगांचेही असेच. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरवर तांबड्याचा बराचसा भाग गेलेला असतो आणि लाल पोहण्याचा पोशाख मळकट तपकिरी दिसू लागतो. समुद्र निळा का, हा प्रश्न १९२१ साली जहाजाने युरोपला जाता-येताना सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना पडला. ते केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे हे त्यांनी साध्या उपकरणांनी दाखवले. त्या विचारातूनच पुढे त्यांचा जगप्रसिद्ध शोध लागला. आपल्या किनाऱ्यावर सूक्ष्म वनस्पती निळा प्रकाशही खातात, म्हणून उरतो तो हिरवा.

आणि समजा, मुशी दिसलीच! किती लांब होती ते सांगताना जरा सावध राहा. पाण्यातून काचेमार्गे मुखवट्यातल्या हवेत शिरताना प्रकाशाचे वक्रीभवन होते (तुमच्या आजच्या पुस्तकात याला अपवर्तन म्हटले आहे). पाण्याचा वक्रीभवनांक ४/३. त्यामुळे चार मीटरवरची वस्तू तीन मीटरवर असल्यासारखी दिसते आणि डोळ्याशी एक तृतीयांशाने मोठा कोन करते. अंतर चारच मीटर आहे असे मनाने धरले, तर दीड मीटरची मुशी दोन मीटरची वाटते. किनाऱ्यावर येईपर्यंत ती अडीच होते, पण त्या वाढीला भौतिकशास्त्र जबाबदार नाही.

तुम्ही मुशीला शोधत असता तेव्हा तिला मात्र तुमचा पत्ता बहुधा आधीच लागलेला असतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. होडीचे यंत्र, तुमचे बुडबुडे, पायांची फडफड हे सारे तिला ऐकू येते. तिचे नाक तिखट आहे हे खरे. पण "मैलभरावरून रक्ताचा थेंब कळतो" ही थाप समजा. वास पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पोहोचतो, त्याला वेळ लागतो आणि वाटेत तो पातळ होत जातो.

खरे आश्चर्य निराळेच आहे. मुशीच्या आणि पाकटाच्या तोंडाभोवती सुईने टोचल्यासारखी छिद्रे असतात. बरणीतल्या स्कोलिओडॉनवरही ती दिसतात. आत चिकट रसाने भरलेल्या बारीक नळ्या आहेत. १६७८ मध्ये इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनी यांनी त्यांचे वर्णन केले, पण त्या कशासाठी आहेत हे कळायला जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. १९७१ साली काल्मैन या डच शास्त्रज्ञाने प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एक चपटा मासा वाळूखाली दडवला आणि त्यावर वास अडवणारे, पण वीज जाऊ देणारे आवरण घातले. मुशीने तो बरोबर शोधला. मग मासा काढून त्या जागी केवळ दोन विद्युत-अग्रे पुरली आणि माशाच्या शरीरातून येते तेवढी क्षीण वीज सोडली. मुशीने वाळू उकरून त्या तारांवरच झडप घातली!

ही संवेदना किती सूक्ष्म? प्रयोगातल्या एका जातीच्या पाकटाला सेंटीमीटरला एका मायक्रोव्होल्टचा शंभरावा भाग एवढे क्षेत्र जाणवले. आकड्याने काही उमगत नाही, म्हणून असे करू. आपल्या बॅटरीतला दीड व्होल्टचा साधा घट घ्या. त्याची दोन टोके किती लांब नेली म्हणजे मधल्या प्रत्येक सेंटीमीटरच्या वाट्याला एवढाच दाब येईल? भागाकार करा : पंधरा कोटी सेंटीमीटर, म्हणजे १,५०० किलोमीटर. घटाचे एक टोक परभणीला आणि दुसरे थेट जम्मूला! अर्थात माशाच्या शरीरातली वीज अंतराबरोबर फार झपाट्याने घटते, त्यामुळे ही संवेदना हातभर अंतरापलीकडे उपयोगी पडत नाही. पण गढूळ पाण्यात वाळूखालचे भक्ष्य शोधायला हातभर अंतर पुष्कळ झाले. आपल्याला मालवणच्या ज्या पाण्यात दिसत नाही, त्या पाण्यात पाकटाला डोळ्यांवाचून अडत नाही.

पाकटांच्या एका कुळाने तर विजेचा कारखानाच काढला आहे. या विद्युत-पाकटांच्या शरीरात दोन्ही बाजूंना चपट्या पेशींच्या चळती असतात, जणू रुपयाच्या नाण्यांच्या. प्रत्येक पेशी फार तर एक दशांश व्होल्ट देते, पण एकीवर एक रचल्या की दाबांची बेरीज होते. मोठ्या जातींत ती दोनशे व्होल्टच्या आसपास जाते. आपल्या किनाऱ्यावरच्या जाती लहान आहेत, त्यांचा झटका सौम्य असतो. १७७६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश या अबोल इंग्रज शास्त्रज्ञाने लाकूड आणि चामड्याचा खोटा पाकट तयार केला. त्याला ४९ लायडेन बरण्यांच्या साठ्यातली वीज जोडली, तो खाऱ्या पाण्यात बुडवला आणि मित्रांना हात लावायला सांगितले. झटका खऱ्या पाकटासारखाच बसला! माशाची वीज आणि यंत्राची वीज एकच आहे, हे त्या चामड्याच्या माशाने पटवले. पुढे १८०० साली व्होल्टाने धातूच्या चकत्यांची चळत रचून पहिला विद्युत घट बनवला, तेव्हा त्याने त्याला 'कृत्रिम विद्युत-इंद्रिय' म्हटले. त्याच्या डोळ्यांपुढे हाच मासा होता. वर्गात घट एकसर आणि समांतर जोडता ना? दक्षिण अमेरिकेतला विद्युत-ईल गोड्या पाण्यात राहतो. तेथे रोध जास्त, म्हणून त्याच्या चळती लांबच लांब एकसर. समुद्री पाकट खाऱ्या पाण्यात राहतो. रोध कमी, प्रवाह मोठा हवा, म्हणून आखूड चळती, पण शेकडोंनी समांतर. हा धडा मी फळ्यावर नेहमी या दोन माशांनीच सुरू करतो.

भीतीबद्दल थोडे. माणसाने न डिवचता मुशीने चावल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साधारण साठ-सत्तर होतात आणि मृत्यू बहुधा दहाच्या आतच असतात. आपल्या एकट्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे रात्री शेतात पाणी द्यायला अनवाणी जाणाऱ्याने मुशीला भिण्याचे कारण नाही. पाकटाची मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या शेपटीवर करवती कडांचा विषारी काटा असतो. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चला. पाकट चाहूल लागून निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने वेदना कमी होते. मग थेट दवाखाना गाठावा.

आता जरा नावडते बोलू. पाणी गढूळ म्हणून मुशी दिसत नाही हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की त्या कमी झाल्या आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे खुल्या महासागरातल्या मुशी आणि पाकट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. जगातल्या सर्व जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत. बांगडा लाखो अंडी घालतो. पुष्कळशा मोठ्या मुशी बऱ्याच वर्षांनी वयात येतात आणि एका वेळी मोजकीच पिले देतात. मुद्दल काढून खाल्ले की व्याज कोठून येणार?

यात मच्छीमाराला एकदम आरोपी करणे मला पटत नाही. त्याच्या जाळ्यात मुशी बहुधा दुसऱ्या माशांबरोबर आपोआप येते. तिचे मांस स्वस्त असते आणि गरिबाच्या ताटात जाते. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची आयात अडली, तेव्हा आपल्याकडे मुशीच्या यकृताचेच तेल काढून 'अ' जीवनसत्त्वासाठी दिले गेले. मुशीला हवेची पिशवी नसते, या हलक्या तेलामुळेच ती पाण्यात थोडीफार तरंगते. आर्किमिडीजचे तत्त्व तिने असे सांभाळले आहे.

गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या जगातल्या सर्वांत मोठ्या माशाला पिंपे अडकवून दमवत आणि मारत, म्हणून त्याचे नावच 'बॅरल' पडले होते. २००१ मध्ये त्याला आणि करवतीसारख्या सोंडेच्या माशांना कायद्याने पूर्ण संरक्षण मिळाले. २००४ पासून मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेल्या लेकीची उपमा देऊन प्रचार केला आणि तेच मच्छीमार आपली जाळी कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्र शासनानेही २०१८ च्या अखेरीस योजना काढली : संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कॅरिबियनच्या शेजारच्या बहामा बेटांनी २०११ मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात मुशीच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली, कारण तेथे जिवंत मुशी पाहायला येणारा पाहुणा मेलेल्या मुशीपेक्षा जास्त पैसे देतो. ते गणित जसेच्या तसे मालवणला लावता येत नाही. आपले पाणी हिरवे आहे आणि पोटे जास्त आहेत. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्यावर स्थानिकांचा विरोध आणि वाद पुष्कळ झाले. वाद मिटवायला आधी मोजदाद हवी, आणि मोजदाद करणारी तरुण माणसे हवीत. ती परभणीचीही असू शकतात.

तेव्हा मालवणला गेलात तर काय पाहाल? पाण्याखाली गेल्यावर दूर बघत बसू नका, तळाची वाळू न्याहाळा. वाळूत दोन डोळे आणि त्यांमागे उघडझाप करणारी दोन छिद्रे दिसली, की भोवती थाळीएवढी पुसट कड शोधा. तो पाकट. त्याला हात लावू नका. माशांना जवळ आणायला कोणी पाव-बिस्किटे टाकत असेल तर नको म्हणा. खडकांच्या कपारीत पट्टेपट्टे असलेली हातभर 'बांबू' मुशी कधीकधी दडून असते. पहाटे बंदरावर जा. टोपल्यांत मुशी दिसेल, तिचे दात आणि ती टोचलेली छिद्रे जवळून पाहता येतील. मावशींना नाव विचारा, त्या चार जातींची चार नावे सांगतील. ती वहीत लिहून घ्या, पुस्तकात मिळणार नाहीत.

आणि ओहोटीच्या वेळी भरतीच्या रेषेवर पडलेल्या काडीकचऱ्यात बोटभर लांबीची, तपकिरी, चामड्यासारखी चपटी थैली मिळते का पाहा. ते बांबू मुशीचे अंडे. उन्हासमोर धरा. आत काही हलत असेल तर हलकेच पाण्यात सोडा. एका टोकाला चीर असेल आणि थैली रिकामी असेल, तर त्या पाण्यात कोठेतरी एक मुशी नुकतीच पोहायला लागली आहे. ती थैली खिशात घालून परभणीला घेऊन या.